सतरा दिनारांची पावती

ऑगस्ट नव्वद. फहाहील.
समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यालाही जळक्या टायरचा वास.
वर्कीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान:
एक माणूस, त्याचं स्टूल, आणि भिंतीवर
आपापली वेळ धरून बसलेली पस्तीस घड्याळं.
वर्कीला जॉर्डनची बस गाठायची होती.
ड्रायव्हर रोख मागत होता.

माझे वडील शांतवन रणपिसे,
तेल कंपनीत हजेरी-कारकून, गाव शेवगाव.
त्यांनी ते दुकान विकत घेतलं.
सतरा दिनारांना.
परवाना कफीलच्या नावावर
आणि कफील पहिल्याच रात्री दम्मामला.
म्हणजे विकणाऱ्याचं ते नव्हतंच
आणि घेणाऱ्याचं होणार नव्हतं.

आई म्हणाली,
पळायच्या वेळी लोक भांडी विकतात,
तुम्ही भिंती घेताय?

वडील नोटा मोजत होते.
मोजता मोजता म्हणाले, यिर्मयानं घेतलं होतं की शेत.
बाबेलचं सैन्य तटाला भिडलेलं,
शहरात भाकरी संपत आलेली,
तो स्वतः चौकीच्या अंगणात कैदेत.
अशा वेळी चुलतभाऊ येतो, म्हणतो अनाथोथचं शेत घे.
शेतावर तर शत्रूचे घोडे चरत असणार!
तरी यानं तराजू मागवला,
सतरा शेकेल चांदी तोलली,
साक्षीदार बसवले,
आणि खत मडक्यात घालून ठेवलं.

का, मी विचारलं. नऊ वर्षांची होते.

देव म्हणाला होता, या देशात पुन्हा खरेदीखतं होतील.
देवानं शब्द द्यायचा
आणि माणसानं साधी पावतीही फाडायची नाही?

मिसरी बेकरीवाल्यानं सही केली.
चितगावच्या हमालानं अंगठा दिला,
शाई नव्हती म्हणून काजळाचा.
आईनं कुरडगावच्या आत्याची लोणच्याची बरणी काढली,
तळ खरवडला, शेवटची फोड मला दिली,
रागारागानं बरणी पुसली
आणि कागद आत ठेवून
तोंडाला फडकं मात्र घट्ट बांधलं.
काउंटरखालची फरशी वर्कीनंच उचकटली.

मग सीमेवरचे तंबू. पाण्याची रांग.
मग शेवगाव, आडतीवर हिशेब लिहिणं.
अकरा वर्षं वडील सांगत राहिले,
फहाहीलला आपलं एक दुकान आहे.
हमाल हसायचे.
आईही हसायची, दाराआडून,
सारा हसली असेल तशी.

ते गेले तेव्हा
मिशनच्या कबरस्तानात जागेचे पैसे भरताना
एकदम आठवलं:
अब्राहामाला अख्खा देश कबूल केलेला,
आणि सारेला पुरायला त्याला गुहा विकत घ्यावी लागली.
चारशे शेकेल. घासाघीस केली नाही.
कबूल केलेल्या देशाचा तेवढाच तुकडा
त्याच्या हयातीत त्याच्या नावावर झाला.

आता मी इथल्याच इस्पितळात नर्स आहे.
दुकान नाही. ती ओळच नाही.
समुद्राकाठी पार्किंग आहे, सपाट, पांढरे पट्टे मारलेलं.
बरणी कुठल्या पट्ट्याखाली, कोण सांगणार.

यिर्मयानं ते शेत नांगरल्याचं कुठे लिहिलेलं नाही.
त्याला मिसरात ओढून नेलं.
पण पुढे बाबेलहून जे परतले त्यांची यादी आहे,
आणि यादीत अनाथोथचे पुरुष: एकशे अठ्ठावीस.
रात्रपाळीत ती ओळ मी बोट ठेवून वाचलीय.
बाकी नावं चुकतील माझी, हा आकडा चुकत नाही.
त्यांतल्या कुणी ते मडकं उघडलं असेल,
कुणाला ते सापडलंही नसेल.
शेत तिथेच होतं.

काल गाडी तिथे लावली.
चितवनचा पोरगा खिडकीशी आला,
किती वेळ, मॅडम?
माहीत नाही, म्हटलं.
शंभर फिल्स दिले, माझ्याच जागेचं भाडं,
आणि पावती मागितली.
तो जरा गोंधळला.
लोक ती घेत नाहीत म्हणे.