झाकण आणलंय का?

सातपूरला, तिसऱ्या मजल्यावर,
संध्याकाळी साडेसातला कंपायलर नाही म्हणाला.
एकच लाल रेघ, 'द्राक्षक्रेट'च्या खाली.

पिंपळगावच्या पॅकहाउसचं काम. फंक्शन माझंच.
काट्यावरचा आकडा वाचायचा
आणि समोरच्यानं दिलेल्या रिकाम्या व्हेरिएबलमध्ये
माल भरायचा. आउट पॅरामीटर.
मी ऐटीत लिहून ठेवलं होतं:
'फळ' इंटरफेस पाळणारं काहीही भरीन.
आता द्राक्ष फळ नाही, असं कोण म्हणेल?

खैरनार सर हेल्मेट काखेत मारून निघाले होते.
वाकून पाहिलं. म्हणाले,
"बरोबर सांगतोय तो. उद्या तू डाळिंब भरलंस तर?"
आणि गेले. लिफ्ट बंद होती, पावलं बराच वेळ ऐकू आली.

मी डाळिंब भरणार नव्हते.
पण तसं लिहूनही दिलं नव्हतं कुठे.

तांबट लेनमध्ये अप्पांचं दुकान अजून उघडं.
एक बाई विचारत होती, भांडं मिळेल का एखादं,
तांब्याचं, चांगलं.
अप्पांनी हातोडी खाली ठेवली नाही.
"कळशी भांडंच, बंब भांडंच, तपेलंही भांडंच.
झाकण आणलंय का?"
तिनं पिशवीतून काढलं, जुनं, कडेला चेपलेलं.
अप्पांनी ते बोटांवर फिरवलं, दोनदा,
आणि माप विचारलंच नाही.
"याचंच भांडं देतो. पितळेचं मागू नका फक्त,
आणि शनिवारच्या आत नाही."

मी पायरीवर बसूनच लॅपटॉप उघडला.
'फळ' खोडलं, तिथे नुसतं 'टी' लिहिलं.
टी म्हणजे जे झाकण येईल ते.
खाली अट: टी फळच असावं.
आणि दुसरी, जी मी नेहमी विसरते:
ते कोऱ्या पत्र्यातून नवं घडवता यावं.
हाक मारताना प्रकार सांगावाही लागला नाही,
क्रेट पुढे केली, त्याला कळलं.
रेघ गेली.

"झालं का तुझं?" अप्पा म्हणाले.
झालं, म्हटलं. तुमचंच चोरलं.
"काय?"
सांगायला गेले आणि 'जेनेरिक'शी अडकले.
अप्पांनी मान डोलावली,
न कळलेल्या गोष्टीला डोलावतात तशी, आदरानं.

आउटची अजून एक अट असते:
फंक्शन सोडण्याआधी भांडं भरायलाच हवं,
रिकामं परत देता येत नाही.
वर खुंटीला एक झाकण आहे, मी चौथीत असल्यापासूनचं.
त्याचं भांडं अप्पांनी तेव्हाच घडवलं,
फळीवर पालथं आहे, दर दिवाळीला चिंचेनं घासतात.
नेणारा आला नाही.
नाव विचारायचं राहिलं होतं, म्हणतात,
झाकणावरून ओळखू म्हटलं.