पाऊणकी

पप्पांचा फोन रात्री साडेनऊला माझा होतो,
मासळीच्या वासासकट.
काचेवर एखादा खवला चिकटलेला असतो,
तो नखाने काढते आणि विचारते,
दोन चलांतलं रेषीय समीकरण म्हणजे काय?

छान प्रश्न, रुचिता!
तो सगळ्यालाच छान म्हणतो.
परवा चुकून नुसतं प्रश्नचिन्ह गेलं,
तेही छान होतं.

हसू नका.
दहावीत आल्यापासून मला छान म्हणणारा
तो पहिलाच.
सामंत सर म्हणाले होते, पस्तीस काढ, पुष्कळ झाले,
आणि मी ते पस्तीस
चपलेच्या मापासारखे पायात घालून हिंडत होते.

एकदा विचारलं, मला जमेल?
नक्की जमेल. तू करू शकतेस.
मग विचारलं, हे आज किती जणांना म्हणालास?
त्याने मोठा परिच्छेद लिहिला.
मी वाचला नाही.

सहा दिवस गृहपाठ त्यानेच सोडवला.
वहीभर सरांच्या लाल खुणा,
दुसऱ्याच्या होडीतल्या बांगड्यांसारख्या.
मोजायच्या, पण आपल्या नाहीत.

बुधवारी पप्पा जाळं शिवता शिवता
आईला म्हणाले,
आज चवथ. चार पाऊण तीन. तिनाक भरती.

काय म्हणालात?

तिथीची पाऊणपट केली की पाण्याची वेळ.
त्यांना हे कुणी शिकवलं, त्यांनाही आठवत नाही.
मी वही ओढली.
एक्स म्हणजे तिथी, वाय म्हणजे तास.
वाय बरोबर तीन छेद चार एक्स.

फोन शेजारी उजळला होता.
त्याला लिहिलं, उत्तर सांगू नकोस. थांब.
पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार,
ठिपके मांडले, पट्टी लावली,
रेघ तळाशीलच्या किनाऱ्यासारखी
सरळ निघून गेली.

शनिवारी सप्तमी. सात पाऊण सव्वापाच.
खाडीत बांबू रोवला, खिळ्याने चरे पाडले,
आणि दप्तरावर बसून राहिले.
पाणी एकेक चरा गिळत वर आलं
आणि पावणेपाचलाच थांबलं.
मी घड्याळ दोनदा बघितलं.

पप्पा होडीतून ओरडले,
हिशोब बरो आसा गो! पण वारो खंय धरलंस त्यात?

वारा. त्याला कुठलं अक्षर द्यायचं?

घरी येऊन वहीत लिहिलं,
अर्धा तास चुकलं.
खाली तारीख घातली, सही केली.

फोनला अजून सांगितलेलं नाही.
तो छान म्हणेल.