तारखेचा शिक्का

ग्रंथपालाची जागा नऊ वर्षांपासून रिकामी.
मी मूळचा चित्रकलेचा. कपाटाची किल्ली
'अतिरिक्त कार्यभार' म्हणून खिशात आली
आणि खडूच्या भुकटीत राहू लागली.

जिंतूरच्या आमच्या शाळेत वक्ते येतात
हिवाळ्यात, बहुधा शनिवारी, सकाळच्या बसने.
आठ दिवस आधी मी फळ्यावर लिहितो,
टपोऱ्या अक्षरात, खाली वेलबुट्टी:
'व्याख्यानाला बसण्याआधी हे वाचा.'
सर्पमित्र आले तेव्हा सापांची तीन पुस्तकं लावली.
पोरांनी चित्रं पाहिली, घोणशीचं पान फाडून नेलं.
बँकेचे साहेब आले तेव्हा काहीच सापडेना,
मग एका कंजूष शेटजीची गोष्ट लावली.
साहेबांना ती कळली नाही. किंवा कळली.

या खेपेला टेकाळे सर. नांदेडचे, भूजलवाले.
जन्मभर दोर सोडून विहिरी मोजत हिंडलेला माणूस.
त्यांचं स्वतःचंच पुस्तक कपाटात निघालं,
खालच्या फळीवर, जनगणनेच्या गठ्ठ्यामागं:
काळ्या खडकाबद्दल, तो पाणी कुठं धरतो त्याबद्दल.
मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी.
कोरी.
अकरा वर्षं.

मला काय वाटलं कोण जाणे.
शुक्रवारी शाळा सुटल्यावर दार लोटून घेतलं
आणि शिक्क्याचं चाक फिरवत गेलो,
जुलै, सप्टेंबर, पुन्हा जुलै.
काही ठसे वाकडे मारले, काही फिके;
चित्रकलेचा माणूस, एवढं तर येतंच.
अर्ध्या तासात सतरा वाचक तयार झाले.

शनिवारी सर बोलले. माइक मध्येच गेला,
तर म्हणाले, बरं झालं, जवळ सरका.
पिशवीतून एक दगड काढला, भोकाभोकांचा,
त्यावर झाकणभर पाणी ओतलं.
पाणी गेलं.
कुठं गेलं?
तीनशे पोरं. कुणी बोलेना.

चहाला ते कपाटापाशी आले.
आपलं पुस्तक काढलं, उघडलं मागून.
बोट एकेका तारखेवरून उतरत गेलं,
एका ठिकाणी थांबलं.
'मे महिन्यातही भरते का तुमची शाळा?'
मी बशीत चहा ओतत राहिलो, बशी भरली तरी.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
पुठ्ठ्यावरून हात फिरवला,
'पुसलंय मात्र छान,' म्हणाले.

सोमवारी सुमैय्या बागवान आली, आठवी ब.
'सर, ते दगडाचं द्या. पाणी कुठं गेलं ते बघायचंय.'
शिक्का उचलला तर पॅड कोरडं,
सगळी शाई मी शुक्रवारीच संपवली होती.
मग पेनानंच तारीख लिहिली,
सतरा जांभळ्या ठशांच्या खाली.

तिनं चिठ्ठी वरून खालपर्यंत वाचली.
'एवढ्या जणांनी नेलं होतं, सर?
मग परवा कुणालाच कसं सांगता आलं नाही?'

तासाची घंटा व्हायला अजून वेळ होता.
मी किल्ली शोधू लागलो,
ती हातातच होती.