सदतीस मिनिटं

तार बांधली खलफानच्या खजुरांना,
सोहारच्या दक्षिणेला, जिथे विहीर खारी होत चाललीय
आणि तीन झाडं आता नुसतीच उभी आहेत.
शंभर मीटर तांबं, शेंड्यापासून शेंड्यापर्यंत.
तरीही आखूड.
या पट्ट्यावरची एक लाट दोन किलोमीटरच्या वर लांब,
किल्ल्यापाशी सुरू झाली तर
मासळीबाजार ओलांडल्यावर कुठे तिचं शेपूट दिसेल.

म्हणून गुंडाळी. कचऱ्याच्या निळ्या पिंपावर
तीनशे वेढे, चार शुक्रवार गेले.
दमट रात्री ती कुजबुजते,
टोकाशी जांभळं काहीतरी लुकलुकतं,
मांजर तिच्या वाटेला जात नाही.
सळया ठोकल्या मीठ फुटलेल्या चिखलात.
त्यात मेथीसुद्धा रुजत नाही,
वीज मात्र पाण्यासारखी मुरते.

पलीकडे वेंगुर्ल्यात हरिश्चंद्र तांडेल.
बत्तीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर,
मिनिटाला पंचवीस शब्द, चहा पिता पिता.
आता दोन्ही कान गेले.
सून जेवायला बोलावते ती दिव्याचं बटण दोनदा दाबून.
त्यांना कळवलं: काका, हे कानाचं काम नव्हेच.
टिंब एक मिनिटाचं, रेघ तीन मिनिटांची,
कुणालाच ऐकू येणार नाही इतकं सावकाश.
पडद्यावर बघत राहायचं,
करड्या खरखरीतून रेघ सरकते का,
भिंतीत ओल सरकते तशी.

उत्तर आलं: जागतो.

मग शब्द शोधणं आलं.
फोनवर माणूस काहीही बोलतो,
जेवलास का, वीज आली का, आवाज तुटतोय.
इथे नुसत्या नमस्कारालाच तासावर नऊ मिनिटं.
कागदावर मिनिटं मांडत बसलो वाण्यासारखा.
व्हिसा मार्चअखेर संपतोय,
प्लांटमधली माझी खुर्ची सोहारच्याच एका पोराला दिली,
हुशार आहे पोरगा, मीच शिकवला.
शेवटी ठरलं: येतो.
रोमन चार अक्षरं, सदतीस मिनिटं.
उंबऱ्यावर चपला घालताना म्हणतात तो येतो,
की खरोखरचा, हे स्वतःला विचारलं नाही.

अकराला कळ दाबली. घड्याळ बघत, हातानेच.
तीन मिनिटांच्या रेघेत अंगठा बधिर होतो.
खलफान सतरंजीवर लोडाला टेकून.
पहिल्याच रेघेत त्याने कॉफी ओतली, प्यायला,
पुरे म्हणून कप हलवून खाली ठेवला.
म्हणाला, माझा आजा गलबतात खजूर भरून
तुमच्या किनाऱ्याला जायचा,
बोबडा होता,
तरी तुझ्यापेक्षा लवकर बोलायचा.
मला हसायचं होतं, पण हात हलला असता.

अकरा सदतीसला कळ सोडली.

पहाटे तांडेलांनी पडद्याचा फोटो पाठवला.
वाय दिसतंय: रेघ, टिंब, रेघ, रेघ.
मग एकटं ई, टिकलीएवढं.
पुढे समुद्रावर कुठेतरी वीज पडत असणार,
वीस मिनिटं सगळं पांढरं.
खाली त्यांनी लिहिलंय:
"ये" मिळालं. स्पष्ट.
या वयात कुठे बोलावतोस, पासपोर्टची मुदत कधीच संपली.
आणि मोठ्या माणसाला "या" म्हणावं.

खलफान पाटाचं पाणी वळवत होता.
पोचलं का, त्याने लांबूनच ओरडून विचारलं.
म्हटलं, निम्मं.
निम्मं म्हणजे काय?
त्याच्या भाषेतला शब्द पटकन आठवेना,
मी हात वर करून बोटांनी खूण केली: ये.

त्याने फावडं बांधाला टेकवलं,
पाय धुतले,
आणि आला.