काप

बर्फाचा कारखाना पहाटे पावणेतीनला थांबला.
उजाडताच खणायला घेतलं, वेलदूरच्या खाजणाकडेला,
तिवरांची मुळं चुकवत.
ओहोटी आहे तोवर खड्डा आपला,
नंतर खाडीचा.

तेहतीस हजार व्होल्टची केबल.
वरून ठणठणीत, काळं कातडं तुकतुकीत.
सांध्याजवळ एकाच जागी
सुईच्या टोकाएवढं भोक,
आणि जळक्या मेणबत्तीचा वास.
फय्याज म्हणाला, एवढ्यातून गेलं अख्खं गाव अंधारात?

चिपळूणच्या शेडमध्ये
आतल्या पांढुरक्या प्लास्टिकचे काप काढले.
सुरमईची तुकडी ज्याच्या हातात बसलीय
त्याला इतकं पातळ कापणं जड जातं.
रात्रभर निळ्या रंगात बुडवून ठेवले.

सकाळी भिंगाखाली झाड.
खोड नाही, पान नाही,
नुसत्या फांद्या, फांद्यांना फांद्या,
तांब्याकडून बाहेर निघालेल्या.
पाणी इथे गळून येत नाही,
ओल हाताला लागत नाही.
खाडीला फिरायला सहा तास लागतात,
विजेला सेकंदाचा शंभरावा हिस्सा.
दर हेलकाव्याला ती पाण्याला म्हणते, सरक.
पाणी सरकतं.
वर्षानुवर्षं दिवे लागतात, पंखे फिरतात,
कुणाची तक्रार नाही.

आणि बुंध्याशी एक कण.
मातीचा, मिठाचा, की कानशीच्या लोखंडाचा,
भिंगाला ते सांगता येईना.

सांध्यावरच्या पट्टीवर ठोकलेलं होतं:
शां. ग. पालशेतकर, १७-८-०४.
म्हणजे मी.

तो दिवस आठवतो.
ताडपत्री वाऱ्यावर फडफडत होती,
पुसायचे फडके संपले होते,
वरून फोन, लाइन कधी देताय.
शर्टाच्या टोकानं पुसलं आणि मिटवलं.
तो शर्ट आईने वलीवर वाळवलेला,
सुकटीच्या शेजारी.

साहेबीणबाई नव्या, नीट विचारतात:
काका, कारण काय लिहू?
म्हटलं, ओलावा लिहा.
त्यांनी लिहिलं. पुढे जागा उरली होती.
पेन मागून घेतलं,
आणि सांधा कुणी घातला ते लिहिलं.

परवा नवा सांधा घातला.
तंबू चारी बाजूंनी बंद, आत भट्टी.
हात स्पिरिटने धुतलेले, हवेत धरून उभा होतो,
कपाळावरून घाम निघालेला,
नाकाच्या शेंड्याशी आला.
फय्याजने न सांगता
मागून बाही लावून टिपला.

मग बराच वेळ
आम्ही दोघं श्वाससुद्धा
बाजूला तोंड करून घेत होतो.