सावलीचं माप

पंचवीस मेच्या आसपास आमच्या वरणगावात
दुपारी बारा पंचवीसला
दोन-चार मिनिटं सावली पडत नाही.
विजेचा खांब नुसता खांब असतो,
बकरी नुसती बकरी.

नाना त्या दिवशी सातलाच बसस्टँडवर गेले.
काखेत उसवून सपाट केलेल्या सिमेंटच्या गोण्या,
खिशात शिंप्याचा खडू.
एकतीस वर्षं फॅक्टरीत गेज लावला त्यांनी,
काडतूस बसलं तर पुढे, अडकलं तर लाल डब्यात.
केसाएवढी चूक बोटांना कळायची.
तेच आता येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होते,
जरा उभा राह्य ना भो, हालू नको.

केळीच्या ट्रकवरचा हमाल उभा राहिला.
खांद्यावर घड नसताना हात कुठे ठेवायचे
त्याला कळेना.
वांग्यांची पाटी घेऊन सुभद्राबाई आल्या,
म्हणाल्या, पाटीसकट काढा.
डेपोच्या कंडक्टरने तिकिटाचं मशीन पोटाशी धरलं.
एका पोराने पाच रुपये मागितले, मग विचारलं,
काय करू राह्यले नाना?
तुही सावली घेऊ राह्यलो.
मंग मले काय उरीन?
नाना म्हणाले, तू.

आणि बसकण मारून त्याला सांगत बसले:
आपल्याकडं आज माणूस राहीन, सावली जाईन.
एका गावात उलटं झालं होतं.
सकाळी सव्वाआठला.
बँकेच्या पायरीवर कोणीतरी बँक उघडायची वाट पाहत होतं,
पायरीवर सावली राहिली.
पोरगं म्हणालं, खोटं.
नाना म्हणाले, खोटं असतं तर बरं होतं रे.

रात्री अंगणात कंदील लावून
खडूच्या रेघांच्या आत डांबर भरलं.
आई म्हणाली, गच्चीला ठेवलं होतं ते.

ऑगस्टात आमच्याकडे ऊन नसतं.
सहा तारखेला हतनूरच्या बाजूने आभाळ भरून आलेलं,
आणि स्टँडसमोर एकवीस माणसांच्या सावल्या,
एकही माणूस नसलेल्या.
कोपऱ्यांवर रुळाकाठची खडी ठेवली होती, उडू नये म्हणून.
शेजारी एका फळीवर वर्षाचा शस्त्रांचा खर्च.
शून्यं घालता घालता फळी संपली होती,
उरलेली नानांनी भिंतीवर नेली.
हा कोणाचा मोबाइल नंबर, एकाने विचारलं.
खाली बारीक अक्षरात:
सरकारी दवाखान्यातलं एक्स-रे मशीन
दोन वर्षं एका सुट्या भागासाठी बंद आहे.

सेकंड शिफ्टची माणसं सायकलवरून उतरून बघत होती.
धांडे सुपरवायझर म्हणाले,
तोतारामभाऊ, तुम्हीबी त्याचंच खाल्लं ना?
हो, खाल्लं, नाना म्हणाले,
एकतीस वर्षं. म्हणून तर माप मले माहीत हाये.

मी गर्दीच्या मागे होते.
गळ्यात फॅक्टरीचं ओळखपत्र, ओढणीच्या आत.
माझी बारावीची फी, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन,
वरच्या खोलीचा स्लॅब,
आणि आता माझा पगार,
नानांच्याच टेबलावरचा, त्यांच्याच गेजचा.
घरी आम्ही यावर बोलत नाही.
कळण्याच्या भाकरीवर ठेचा घेतो, बातम्या लावतो.

शेवटची गोणी लहान होती.
तिच्यावर सावली नव्हती,
नुसते दोन चपलांचे आकार, पाच नंबर,
डावी टाच जरा झिजलेली.
तेव्हा आठवलं:
पंचवीस मे, मी डबा घेऊन गेले होते,
नाना म्हणाले होते, सुले, थांब जरा.
मला वाटलं दमले असतील.
खाली वाकून ते माझ्या पायांशी काहीतरी करत होते
आणि मी घड्याळ बघत होते.

मी पाय ठेवून पाहिले.
अडकले नाहीत.

मागे मुक्ताईनगरची गाडी फलाटाला लागत होती,
ड्रायव्हर हॉर्न दाबून ओरडत होता,
ओ बाई, सरका,
नाहीतर ती गोणी तरी उचला.