शुद्धिपत्र

दुसऱ्या भागात नदी पूर्वेला वाहते,
पाचव्यात पश्चिमेला.
मधे भूकंप नाही, शाप नाही,
लेखकाची साधी तळटीपसुद्धा नाही.
तीस वर्षं जुवारीत बार्ज चालवली मी,
मला हे खपत नाही.

म्हणून दुर्भाटच्या धक्क्याशी बसून
खाण बंद पडल्यापासून कोऱ्या राहिलेल्या लॉगबुकात
‘काजळद्वीपा’चे नऊच्या नऊ भाग
पुन्हा लिहायला घेतलेत.
बायको म्हणते, आधी पेन्शनचा अर्ज लिहा.

नदी सरळ केली. म्हणजे वाकडीच,
पण एकाच समुद्राला मिळणारी.
आकाशात चंद्र तीन. मग भरतीचं काय?
हा हिशेब त्याने केलाच नव्हता.
मी केला, चार पानं गेली.
आता द्वीपावर दिवसातून पाचदा पाणी चढतं
आणि माणसं उभ्याउभ्या जेवतात.

मांत्रिक एक बोट वर करतो, समुद्र थांबतो.
इतकं सोपं असतं तर आमच्या बाबांनी
मानशीच्या फळ्या धरून
कमरेएवढ्या चिखलात रात्री का काढल्या असत्या?
मी त्या बोटाला किंमत लावली:
एका मंत्राला एक पेर.
तेव्हापासून तो जपून बोलतो.

ज्वालासूर अर्ध्या पानात मरत होता.
मी त्याला मारलंच नाही.
पौषातल्या अवसेला आमच्याकडे बांधावर
चिखलाची मगर थापतात,
शिंपल्यांचे खवले, काटक्यांचे दात.
तशीच त्याची मूर्ती थापली द्वीपावरच्या शेतकऱ्यांनी,
फुलं वाहिली, म्हणाले,
पाणी तुझं, शेत आमचं.
तो गेला.
इतक्या सहज जाईल असं मलाही वाटलं नव्हतं.

राहिली ओनारी.

भाग चौथा, पान दोनशे बारा:
‘त्या धांदलीत नावाडीण ओनारीही कामी आली.’
बस, एवढीच ओळ.
धांदल ओनारीची नव्हे. छापखान्याची असावी.

मुरगावच्या बाऱ्यात नांगर टाकून होतो तेव्हा,
पुढे सहा बार्जी, माल उतरायला उद्याची दुपार.
आग्नेल आमचा रांधपी. त्याला देवनागरी येत नसे,
मी वाचायचो, तो कांदा चिरत ऐकायचा.
ती ओळ ऐकून त्याने स्टोव्ह बंद केला.
हुमण अर्धं कच्चं.
म्हणाला, सुकाणी, परत वाच.
परत वाचलं.
तेच होतं.

तर मी ओनारीला जगवली.
अकरा पानं. दोर वेळेत कापला, वारा फिरवला,
तिला एक म्हातारपणही दिलं,
तंबाखू आणि उद्धट नातवंडांसकट.

गेल्या रविवारी स्विंडनला फोन लावला.
आग्नेल तिथे गोदामात रात्रपाळी करतो.
अकराही पानं वाचून दाखवली.
पलीकडे बराच वेळ नुसती फोर्कलिफ्टची पीं पीं.
मग म्हणाला,
‘ना पात्रांव. ती मेल्या.
तिचे खातीर हांव रडलां.
तें रडप आतां परत मागूं नाका.’

पानं फाडली. फाडताना
लॉगबुकाच्या शिवणीतून गंजाची भुकटी पडली, तांबडी,
खनिजाचीही असेल.

आता ओनारी मरते, पण धांदलीत नाही.
ओहोटी लागायला वीस मिनिटं आहेत.
दोर भिजून फुगलाय, गाठ सुटत नाही.
ती उतरलेली माणसं मोजते,
एक कमी भरतो, पुन्हा मोजते,
एक पोर चपलेसाठी मागे वळलंय.
काठावरून कुणीतरी तिला हाक मारतं.

हाक मारणारा कोण, ते नऊ भागांत कुठे नाही.
मी काठावर एक माणूस उभा केलाय,
हातात सुरी, बोटांना कांद्याचा वास.

पान दोनशे बारा संपत नाहीये.
बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.